बाद्न्याकला येतो

दुब्रोव्निक
२८ नोव्हेंबर २००६

चि. ओर्सात यास, तेरेझाचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की,

इकडील सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं तसं नाही. आईचं आता काही खरं नाही. डॉक्टर येतात, छाती तपासतात, आणि जाताना मला जिन्यात बोलावून हळू आवाजात बोलतात. हृदय थकलंय म्हणाले. औषध बदललं, पण औषधानं वय उतरत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

पाहुण्यांचा हंगाम कधीच संपला. वरच्या दोन्ही खोल्यांना कुलूप घातलंय. उन्हाळ्यात जिथं पाय ठेवायला जागा नसते तिथं आता मांजरं लोळतात, आणि निम्म्या खानावळींची दारं ईस्टरपर्यंत बंद. दक्षिणेचा ओला वारा सुटलाय. भिंती पाझरतायत, माणसं एकमेकांच्या अंगावर वसकन जातायत. मी वाऱ्याशिवायही जाते, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.

आई दिवसभर खिडकीत बसते आणि मला एकच विचारते, ओर्सातचं काही कळलं का. तुझा लग्नाआधीचा फोटो उशीखाली असतो, तो दाट काळ्या केसांचा. काल म्हणाली, एकदा त्याला डोळे भरून बघितलं की मी मोकळी. तिनं हे रडत सांगितलं असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण ती बटाटे सोलत बोलावं तशी बोलली.

तेव्हा ये. निदान बाद्न्याकला ये. नाताळची आदली संध्याकाळ आपल्या घरात साजरी होऊन किती वर्षं झाली! बाबा असताना ते ओंडका घेऊन दारात उभे राहायचे, आता मी एकटीच चुलीशी खुडबुडते.

फोन करत नाही. तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतोस. मागं मी आईचा गुडघा म्हटलं, तर तू विचारलंस गाढव कधी घेतलंत. आणि तुझ्या घरी फोन कोण उचलतं तेही मला माहीत आहे. त्यापेक्षा हे पत्र नेहमीप्रमाणे बसवाल्या स्तेवोकडे देते. थंडीत बस एक दिवसाआड असली तरी टपालापेक्षा तोच बरा.

आईचे आशीर्वाद. बहिणीवरची माया पातळ झाली नसेल तर उत्तर लगेच दे.

तुझी ताई,
तेरेझा

&nbsp;

वर्बास
५ डिसेंबर २००६

ती. ताईस, ओर्सातचा शि. सा. न. वि. वि.

स्तेवोनं पत्र स्टँडवर हातात दिलं. तिथंच बाकड्यावर बसून वाचलं. मग घरी येऊन पुन्हा वाचलं, तर रादमिला आतून ओरडली की मनात वाचा, शेजाऱ्यांनाही कळलं. मला वाटत होतं मी मनातच वाचतोय.

येतो. बाद्न्याकला येतो. अंधार पडायच्या आत दारात उभा राहीन, आईला असंच्या असं वाचून दाखव. आमचा बीटाचा हंगाम सध्या जोरात आहे. साखर कारखाना रात्रंदिवस गरगरतोय आणि माझं यंत्र सोडून मला हलता येत नाही. पण सणापर्यंत गाळप आटोपतं. मग रजा मागायलाही नको.

ताई, एक सांगतो. यायचं मनात नव्हतं असं कधीच नव्हतं. बाबा गेले तेव्हा तुमच्या-आमच्या मुलखांत लढाई होती, रस्ते बंद होते. रस्ते उघडले तेव्हा माझा पाय निघेना. आपल्या गल्लीतून वर चढताना शत्रूकडचा जावई म्हणून दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून कोण काय म्हणेल, एवढ्याच भीतीनं वर्षं गेली. लाज वाटते, पण खरं तेच आहे. आता आईचं ऐकल्यावर खिडक्यांचं काही वाटत नाही.

रादमिला येणार नाही. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही. हे एक कारण. दुसरं ती बोलत नाही आणि मीही विचारत नाही. तिनं आईसाठी लोकरीचे मोजे विणलेत, ते सोबत पाठवतोय. कुणी विणले ते सांगू नका, नाहीतर आई घालणार नाहीत, असं तीच म्हणाली.

सणाचा वाळका मासा भिजत घालशील तेव्हा माझा वाटा धर. आईला साष्टांग नमस्कार. तुझा राग माझ्या वाट्याला आहेच, थोडी मायाही राहू दे.

तुझा,
ओर्सात

&nbsp;

दुब्रोव्निक
२६ डिसेंबर २००६

ओर्सात,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं होतं. एकदा नव्हे, तिनं सांगितलं तेवढ्या वेळा. अंधार पडायच्या आत दारात उभा राहीन, हे तिला पाठ झालं होतं. सेंट लुसीच्या दिवशी तिनं स्वतः बशीत सणाचा गहू पेरला. बाद्न्याकच्या दिवशी सकाळपासून काळा रेशमी पोशाख घालून ती खिडकीत बसली. मी मासा शिजवला, मनुका घालून पिठाचे गोल प्रिक्ले तळले, संत्र्याच्या साली साखरेत घोळवल्या. तुला आवडतात म्हणून अंजिरंही काढली, माझ्या स्वतःच्या तोंडात एक घातलं नाही.

सकाळी स्टँडवर गेले. बस आली, सगळे उतरले, तू नाहीस. स्तेवोला विचारलं तर दात काढून म्हणतो, येईल की सणाला, घाई काय आहे. आमच्या घरात काय चाललंय आणि याला थट्टा सुचते! चारचौघांत मी त्याला नको नको ते बोलले.

दिवस मावळला. कोलेंदा गाणारे आले, खिडकीखाली उभे राहून गायले, घराला भलं चिंतून गेले. आईनं मला पानं वाढू दिली नाहीत. ओर्सात आल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही म्हणाली. पुढं काय म्हणाली ऐक. त्यानं बाद्न्याकला येतो असं लिहिलंय ना, मग आज बाद्न्याक नसेलच. डोकं चालेनासं झालंय बिचारीचं. तिला तशीच उपाशी निजवली.

त्यानंतर दोन दिवस ती पाण्याशिवाय काही घेत नाही. डॉक्टर म्हणाले, सक्ती करू नका. याचा अर्थ मला समजतो.

बाबांच्या वेळी रस्ते बंद होते. या वेळी काय बंद होतं? यायचं नव्हतं तर तसं लिहायचं होतंस. मी तिला काहीतरी गोड खोटं सांगितलं असतं. तुझं खोटं तू आधी सांगून बसलास, आता माझ्या खोट्याला जागाच उरली नाही.

उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर मी उघडणार नाही.

तेरेझा

&nbsp;

वर्बास
३० डिसेंबर २००६

ती. तेरेझाताई यांस, रादमिलाचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही असं म्हणायचं तर मी तुमच्या भावाबरोबर बावीस वर्षं राहते आहे. तुम्ही त्यांना उत्तर लिहू नका म्हटलंत, म्हणून मी लिहिते. हे पत्र त्यांच्याच हातून येतंय. पत्र उघडू नका हवं तर, पण दार उघडा.

परवा तुमचं पत्र आलं तेव्हा ते कारखान्यात होते. पाकीट मी फोडलं, त्याची क्षमा असावी. पहिल्या ओळीत नुसतं नाव बघून मला वाटलं आई गेल्या. पुढं वाचलं आणि कळेचना की तुम्ही रागावलात कशावरून, कारण बाद्न्याक अजून यायचा आहे. आमचा बाद्न्याक सहा जानेवारीला. त्यांचं तिकीट पाच तारखेचं, कपाटात ठेवलेलं. मग तुमच्या पत्रावरची तारीख पुन्हा पाहिली आणि उमगलं.

त्यांनी खोटं लिहिलं नाही हो. या घरात आले त्या वर्षापासून त्यांनी आमचाच बाद्न्याक धरला, आमच्याच चर्चच्या पंचांगानं. माझ्या वडिलांना बरं वाटावं म्हणून प्रथम, नंतर सवयीनं. तुमच्या तारखेला ते साधे कामावर असतात. त्यांना बाद्न्याक म्हटलं की सहा तारीख, तुम्हाला चोवीस. शब्द एकच, म्हणून दोघांनीही तारीख लिहिली नाही. तुमचा बाद्न्याक या घरात येऊ दिला नाही ती मीच, तेव्हा बोलायचं ते मला बोला.

आणखी एक. चोवीस तारखेला संध्याकाळी आमच्याकडे फोन वाजला. मी बोलले, तिकडून कुणी बोललं नाही. लांबून गाण्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी श्वास घेत होतं. मग फोन ठेवला गेला. तुमचं पत्र वाचल्यावर लक्षात आलं की तो श्वास कुणाचा होता. ताई, तेव्हा तुम्ही एक शिवी जरी दिली असती तरी मला कळलं असतं. पण पत्र वाचूनही मला तुमच्याकडे फोन करायचा धीर झाला नाही, मग तुम्हाला दोष कुठल्या तोंडानं देऊ?

मी कारखान्यात जाऊन त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. हातातलं टाकून तसेच स्टँडवर पळाले. डोंगरात बर्फ पडल्यानं बस दोन दिवस निघाली नाही. ते स्टँडवरच बसून राहिले, मी डबा तिथं नेत होते. आज निघतेय.

आईंना माझा नमस्कार सांगा असं लिहिणार होते, पण ते तुमच्या मनावर सोडते.

रादमिला

&nbsp;

दुब्रोव्निक
३ जानेवारी २००७

सौ. रादमिला यांस, स. न. वि. वि.

तुमचं पत्र उघडलं. फोन माझाच होता. त्यावर काही लिहायला गेले की शब्द वाकडे होतात, तेव्हा एवढंच.

मला तुमची तारीख माहीत नव्हती असं नाही. या शहरात ती सगळ्यांना माहीत आहे. स्तेवो थट्टा करत नव्हता हेही आता कळलं, त्याची माफी मागितली. पण ओर्सात आमच्या घरातला. त्याचा सण बदलला असेल हे माझ्या मनाला शिवलंच नाही. आईनं मात्र बरोबर ओळखलं होतं, आज बाद्न्याक नाही म्हणून. मी तिला भ्रमिष्ट ठरवलं.

आता जे झालं ते ऐका. ओर्सात एकतीस तारखेला संध्याकाळी पोचला. नववर्षाच्या आदल्या दिवशीही आमच्याकडे कोलेंदा गाणारे घरोघर हिंडतात. तो जिना चढला तेव्हा ते दारातच होते, त्यांच्यामागून हाही आत आला. मी त्याला ओळखलं, पण जरा वेळ लागला. केस पांढरे, पाठ वाकलेली, आणि बोलणं तुमच्याकडचं, सावकाश. तो आईच्या पलंगाशी गुडघ्यांवर बसला. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, यांना राकियाचा पेला दे, अंजिरं दे, थंडीतून आलेत. मग त्याला म्हणाली, फार छान गायलात हो तुम्ही, पुढच्या वर्षी जरूर या, तेव्हा माझा मुलगाही घरी असेल, बाद्न्याकला येतोय तो.

त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो नुसता हसत राहिला. मला त्याच्या कानाशी जाऊन सांगावं लागलं. असं काम देवानं कुणाला देऊ नये.

त्या दिवसापासून तो तिच्या उशाशी आहे. मी शंभर वेळा सांगितलं, हाच ओर्सात. ती उशीखालचा फोटो काढते, बघते, आणि मला गप्प बस म्हणते. त्याला अहो-जाहो करते. तुम्ही जेवलात का, तुमच्या घरी वाट बघत नसतील का, असं विचारते. त्याच्या हातचं सूप घोट घोट पिते, तेवढं एक बरं आहे. तो स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर रडला. म्हणाला, ताई, आई मला पाहुण्यासारखं बोलते.

तिच्याकडे दिवस थोडे आहेत. मला काही सुचत नाही आणि विचारायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही आजाऱ्याची सेवा करता. काय करू?

मोजे आईच्या पायांत आहेत. कुणी विणले तेही मी सांगितलं.

तुमची,
तेरेझा

&nbsp;

वर्बास
४ जानेवारी २००७

ती. तेरेझाताईंस, सा. न. वि. वि.

स्तेवो बस वळवून निघायच्या आत लिहितेय, म्हणून थोडक्यात.

माझे वडीलही कधी कधी मला परिचारिका समजतात. भांडून उपयोग होत नाही, मी भांडून बघितलंय. आईंना ठाऊक आहे की ओर्सात बाद्न्याकला येणार. मग त्याआधी जो आला तो ओर्सात कसा असेल? त्यांच्या हिशोबात त्या चुकत नाहीत.

तर तुमच्या भावाला त्याच दिवशी येऊ द्या. सहा तारखेला दुपारी त्यांना घराबाहेर काढा. पाहुणे गेले असं आईंना सांगा. तुमच्या घरी जे जे करतात ते सगळं पुन्हा मांडा, आणि उजेड असताना त्यांना दार वाजवू द्या. आमच्याकडे ओंडक्याऐवजी ओकची फांदी घरात आणतात, ती स्तेवोकडे देतेय, वाळकी पानं सांभाळून आणायला सांगितलंय.

मी इथून निघू शकत नाही. पण त्या संध्याकाळी मी जेवायला बसणार नाही, तुमचा निरोप येईपर्यंत.

रादमिला

&nbsp;

दुब्रोव्निक
८ जानेवारी २००७

सौ. रादमिला हिस, तेरेझाचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की,

आई काल दुपारी गेली. तुमच्या नाताळच्या दिवशी. झोपेतच गेली, ओर्सातचा हात हातात होता. परवा रात्री मी फोनवर जेवून घे एवढं सांगितलं आणि पुढं रडूच आलं, तेव्हा आता नीट लिहिते.

सहा तारखेला वारा बदलला. उत्तरेचा कोरडा वारा सुटला, आकाश लख्ख झालं. दुपारी ओर्सातनं आईचा निरोप घेतला. ती म्हणाली, सांभाळून जा, जिना ओला असतो. तो गेल्यावर मी तिला काळा पोशाख चढवला. आदल्या दिवसापासून मासा भिजत होता, तो शिजवला. शेजारणी वास घेत आल्या, बाद्न्याक होऊन किती दिवस झाले म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे आज आहे. एक जण तोंड वाकडं करून गेली. दुसरी घरी जाऊन तिच्याकडचा उरलेला ओंडका घेऊन आली.

ओर्सात तोवर शहराच्या तटाखाली बोचऱ्या वाऱ्यात येरझारा घालत होता. उन्हं उतरायला लागली तेव्हा मी खिडकीतून फडकं हलवलं. तो गल्ली चढून आला. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, पण कुणी काही बोललं नाही. त्यानं दार वाजवलं. मी उघडलं. खांद्यावर तुझी फांदी घेऊन तो उंबऱ्यात उभा राहिला आणि बाबा म्हणायचे तसंच म्हणाला, बाद्न्याकची संध्याकाळ तुम्हा सर्वांना भली जावो. फार मोठ्यानं म्हणाला, त्याला अंदाज राहत नाही.

आईनं मान वळवली. दिवसामुळं ओळखलं की शब्दांमुळं, देव जाणे. फोटो मागितला नाही. म्हणाली, आलास? किती वाळलास रे. दार लाव, वारा येतोय.

तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. ती त्याच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. मग मी वाढायला घेतलं. आईनं टेबलाकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, एकटाच आलास? बायको कुठं ठेवलीस?

त्याला ऐकू आलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आई काय म्हणाली म्हणून. आईही माझ्याकडे बघायला लागली. रादमिला, बावीस वर्षं या घरात मी तुझं नाव उच्चारलं नव्हतं. कधी त्याची बायको म्हटलं, कधी ती म्हटलं. परवा मला ते त्याच्या कानाशी जाऊन ओरडावं लागलं. एकदा त्याला कळलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल.

आई म्हणाली, हां, रादमिला. तिचं पान मांड.

मी मांडलं. आईनं दोन घास खाल्ले. मग थकली.

ओर्सात तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाली की निघेल. तुझ्या वडिलांना बरं वाटलं, की तू ये. हंगामाची वाट बघू नकोस, ओसाड शहर आहे, खोल्या रिकाम्याच आहेत. माझं बोलणं खारट असतं, ते सोसून माया धरता आली तर धर.

तुझी नणंद,
तेरेझा